पोर्शे ७१८ केमनचे टायर: नाशिकमध्ये कुठून घ्यावेत, कुठे बसवावेत?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. गाडी पोर्शे ७१८ केमन, रिम १९ इंची. पुढे २३५/४० झेडआर १९, मागे २६५/४० झेडआर १९. चारही टायर पिरेली पी झिरो, साइडवॉलवर एन१ असा (पोर्शेने तपासलेल्या टायरचा) शिक्का आहे. मागच्या टायरची नक्षी मधोमध ३ मिमी उरली आहे, आतल्या कडेला जेमतेम २. पुढच्यांची ५ मिमी शिल्लक आहे. साइडवॉलवरच्या लंबगोलातला शेवटचा आकडा चारही टायरवर ३२१९ आहे.

शहरात चौकशी केली तर कुणी म्हणतं "२६५/४० मिळत नाही, २६५/३५ टाकून देतो, काही फरक पडत नाही". कुणी म्हणतं "मागवावे लागतील, पूर्ण पैसे आधी भरा". माझे प्रश्न असे: फक्त मागचे दोन बदलले तर चालेल का? टायर नाशिकमधून घ्यावेत की मुंबईतून? आणि रिमला ओरखडा न आणता बसवून देणारं दुकान नाशिकमध्ये ओळखायचं कसं? दुकानाचं नाव नको, निकष सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं आहे.

सातपूर_टायर

फक्त मागचे दोन नकोत, चारही बदला. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला टायर. सहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरू नका असं पोर्शेच्या पुस्तिकेतच आहे, मग नक्षी कितीही उरलेली असो. रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड नक्षी झिजायच्या कितीतरी आधी जाते. मागे नवे आणि पुढे जुने कडक टायर ही जोडी या गाडीत विशेष वाईट. इंजिन मधोमध असल्यामुळे वजन मागे जास्त, पुढचं टोक हलकं. कसाऱ्याच्या ओल्या वळणावर स्टिअरिंग फिरवाल आणि पुढची चाकं सरळ निघतील.

आता २६५/३५ बद्दल. हिशेब साधा आहे. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी. २६५ मिमी रुंदीचे ४० टक्के, म्हणजे साइडवॉलची उंची, १०६ मिमी, ते वर-खाली दोन्हीकडे धरून टायरचा एकूण व्यास ६९४.६ मिमी. ३५ टक्के धरले तर ६६८.१ मिमी. म्हणजे व्यास साडेसव्वीस मिमीने, जवळजवळ ४ टक्क्यांनी, कमी. पुढच्या टायरचा व्यास ६७०.६ मिमी आहे. मूळ गाडीत मागचं चाक पुढच्यापेक्षा २४ मिमी मोठं, आणि पुढची-मागची चाकं किती वेगाने फिरायला हवीत याचं गणित एबीएस आणि पीएसएमच्या (गाडी घसरू न देणाऱ्या पोर्शेच्या यंत्रणेच्या) कॉम्प्युटरमध्ये याच फरकावर बसवलेलं आहे. ३५ टाकले की मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान होतं. सरळ रस्त्यावरही मागची चाकं घसरताहेत असं गाडीला वाटायला लागतं. वर साइडवॉल आणखी बुटका झाल्यामुळे खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता वाढते. "काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्याकडे गाडी सोपवू नका.

खरेदीबद्दल माझं ठाम मत असं: टायर कुठून घ्यायचा आणि कुठे बसवायचा हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि बसवण्याचा निर्णय आधी घ्यायचा. टायर कंपनीचा असतो, तो नाशिकला मागवला काय नि मुंबईला, माल तोच. मशीन आणि त्यावरचा हात मात्र दुकानागणिक बदलतो. दुकान पसंत पडलं की त्यांच्याकडूनच टायर मागवा. म्हणजे काही चुकलं तर टायरवाला फिटरकडे आणि फिटर टायरवाल्याकडे बोट दाखवणार नाही.

हे माप नाशिकमध्ये रॅकवर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. वितरकाच्या गोदामातून येतं. तिथेही नसेल तर परदेशातून पुढची खेप येईपर्यंत थांबावं लागतं. जून २०२० पासून नव्या टायरची आयात सरकारने परवान्याखाली आणली आहे, त्यामुळे कमी खपाची मापं कधी आहेत, कधी नाहीत. पावसाळ्याआधी हवे असतील तर मार्चमध्येच मागणी नोंदवा.

आगाऊ पूर्ण रक्कम देऊ नका. थोडी रक्कम द्या आणि पावतीवर हे सगळं लिहून घ्या: माप, लोड इंडेक्स, वेगाचं अक्षर, एन चा शिक्का आणि त्याचा आकडा, तयार झाल्याचं वर्ष. पुढे ९२ वाय, मागे ९८ वाय. ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किमी. इतक्या वेगाने इथे कोण चालवणार असं म्हणून कमी अक्षराचा टायर गळ्यात मारतात. पण अक्षराबरोबर टायरची आतली बांधणी आणि उष्णता सोसण्याची ताकदही बदलते. मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर तासभर १२० ने गाडी गेली की ती ताकद लागतेच.

टायर दुकानात आले की बसवण्याआधी स्वतः बघा. साइडवॉलवर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असला पाहिजे. कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक लागतं. चिन्ह नसेल तर माल आडमार्गाने आलेला आहे, त्यावर कंपनीची वॉरंटी मिळणार नाही. एका आक्सलवरच्या दोन्ही टायरच्या तारखा जवळपासच्या हव्यात. एक या वर्षीचा आणि एक तीन वर्षांपूर्वीचा दिला तर परत करा. बिलावर चारही टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या दराने कोटेशन देत असतील तर विचारा.

बीडब्रेकर

दुकान कसं ओळखायचं ते मी लिहितो. आडगाव, द्वारकेकडची बरीच दुकानं ट्रक आणि पिकअपवर चालतात. ती माणसं त्यांच्या कामात पक्की आहेत, पण हे काम तिथलं नाही. त्र्यंबक रोड, कॉलेज रोड, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा या बाजूला १९-२० इंची जर्मन गाड्या नेहमी येतात, तिथे शोधा. गाडी घेऊन जाऊ नका. आधी रिकाम्या हाताने जा आणि काम चाललेलं अर्धा तास बघत उभे राहा.

पहिली गोष्ट मशीन. टायर चेंजरला लिव्हर न लागणारं हेड आणि बाजूला हेल्पर आर्म हवा. पुढची रिम ८ इंच रुंद, मागची १० इंच आणि साइडवॉल बुटका व ताठ. फक्त लोखंडी लिव्हरवर काढायला गेलं की रिमच्या ओठाला ओरखडा नक्की, आणि जोर चुकला तर बीडमधली, म्हणजे रिमला धरणाऱ्या टायरच्या कडेतली, तार तुटते. बीड फाटलेला टायर बाहेरून धड दिसतो, पण हवा धरत नाही. मशीनच्या जबड्यांना प्लास्टिकची आवरणं आहेत का, हेडवरचा नायलॉनचा तुकडा झिजून खालचं लोखंड उघडं पडलंय का, हे डोळ्यांनी दिसतं. रिम बाहेरून नाही, आतून किंवा मधल्या भोकातून पकडणारं मशीन असेल तर सर्वात चांगलं.

दुसरी गोष्ट सेन्सर. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधलं प्रेशर मोजणारा, सेन्सर आहे. बीड तोडायचं पातं व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लावायचं, व्हॉल्व्हजवळ कधीही नाही. नवा टायर चढवताना बीडचा शेवटचा ताणलेला भाग सेन्सरवरून ओढला जाता कामा नये. कारागिराला विचारा, "व्हॉल्व्ह कुठे ठेवून चढवता?" जो थांबून, हात दाखवून सांगेल त्याच्याकडे द्या. सेन्सरच्या व्हॉल्व्हचं रबरी वॉशर, नट आणि आतली पिन यांचा छोटा किट मिळतो, तो चारही चाकांना नवा टाका. पिन निकेल चढवलेली घ्या. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन टाकली की दोन धातूंमुळे गंज धरतो आणि पुढच्या वेळी पिन निघत नाही, व्हॉल्व्हच तुटतो. सेन्सर २०१९ चेच असतील तर त्यांची बॅटरी आता शेवटाकडे आली असणार. बॅटरी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलतात. टायर उतरलेला असतानाच स्कॅनरवर तपासून निर्णय घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा टायर उतरवावा लागेल.

बीडला टायरची पेस्ट लावतात का बघा. साबणाचं पाणी लावणारी दुकानं आहेत. पाणी आत राहतं, रिमला आतून गंज धरतो, आणि टायर रिमवर फिरून बॅलन्स बिघडतो. बीड जागेवर बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा भरायची नाही. तेवढ्यात आवाज करून बसला नाही तर हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून परत. हवेच्या जोरावर बसवणं कारागिराच्या जिवावर बेतू शकतं.

या टायरची नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी असते, म्हणून "आउटसाइड" असं लिहिलेली बाजू बाहेर. उलटा बसलेला टायर चालवताना चटकन कळत नाही, म्हणून गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी वाचून बघा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हच्या शेजारी आणायचा.

बॅलन्सिंगला एक अडचण आहे जी नाशिकमध्ये नेहमी आडवी येते. पोर्शेच्या रिमचं मधलं भोक ७१.६ मिमी आणि बोल्टचं वर्तुळ ५ × १३० मिमी. हे माप आपल्याकडच्या बाकी गाड्यांना जवळपास कुठेच नाही. दुकानात फक्त शंकूवर चाक बसवत असतील तर शंकू मागच्या बाजूने घालून बसवायला सांगा, आणि ५ × १३० ची फ्लँज प्लेट (बोल्टच्या भोकांवरून चाक धरणारी तबकडी) असेल तर तीच वापरायला सांगा. चाक मध्यावर बसलं नाही तर मशीन शून्य दाखवेल आणि गाडी १०० ला थरथरेल. खात्री करायची तर बॅलन्स झालेलं चाक सैल करून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला लावा. आकडा बदलला तर चाक मध्यावर नव्हतं. वजनं चिकटवायचीच घ्यायची, आतल्या बाजूला. ठोकायची नाहीत. एका चाकाला ६० ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर वजनं चिकटवत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायचं.

इंदिरानगर_७१८

बीडब्रेकर यांनी चाक उतरल्यानंतरचं लिहिलं. गाडी उचलताना आणि चाक परत लावताना होणाऱ्या चुका जास्त महाग पडतात, म्हणून भर घालतो.

गाडीच्या पोटाखाली बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे पत्रे आहेत. उचलायच्या जागा चारच, दारांखालच्या सिलमध्ये, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे. जॅकवर रबरी पॅड हवाच. साधा ट्रॉली जॅक खाली शिरत नाही. तेव्हा चाकाखाली लाकडी फळ्या घालून गाडी थोडी वर घेतात, ते ठीक आहे. पण जॅक तिरका घुसवून पत्र्याला टेकवायला निघाले तर थांबवा. दोन खांबांची लिफ्ट उत्तम, बाहूंची टोकं नेमकी त्या चार जागांवर येत असतील तर.

बोल्ट प्रत्येक चाकाला पाच. त्यातला एक चोरीरोधक असेल तर त्याचा सॉकेट पुढच्या डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत असतो. घरून निघतानाच बघा, आणि काम झाल्यावर परत घ्यायला विसरू नका. तो हरवला तर चाक उतरवणं हेच मोठं काम होतं.

बोल्ट घट्ट करायचा टॉर्क १६० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने फक्त सैल करायचं. लावताना बोल्ट हाताने फिरवून पूर्ण आत न्यायचे, मग पान्ह्याने समोरासमोरच्या क्रमाने बेताचे घट्ट करायचे, गाडी जमिनीवर टेकवायची आणि टॉर्क रेंचने १६० ला क्लिक करायचं. या बोल्टच्या डोक्याखाली एक गोल, फिरणारी कडी असते. बोल्टसाठीच्या (टायरच्या नव्हे) पेस्टचा पातळ थर पेचावर आणि बोल्टचं डोकं व ती कडी यांच्यामध्ये लावायचा. कडीच्या रिमला टेकणाऱ्या बाजूला काहीही लावायचं नाही. तिथे ग्रीस लागलं की त्याच १६० ला बोल्ट जास्त ताणला जातो. उलट पेच कोरडा आणि गंजलेला असेल तर रेंच क्लिक करतो पण बोल्ट पुरेसा आवळलेलाच नसतो. ५०-१०० किमी झाले की पुन्हा एकदा टॉर्क तपासून घ्या.

हबचा आणि रिमचा टेकणारा पृष्ठभाग ब्रशने साफ करून घ्या. तिथे गंजाची पापडी राहिली तर चाक तिरकं बसतं, मग बॅलन्सिंग कितीही चांगलं असो. गाडीला सिरॅमिक ब्रेक असतील तर, कॅलिपर पिवळे असतात, बोल्टच्या भोकांत दोन मार्गदर्शक दांडे लावूनच चाक काढायचं-घालायचं. रिम हातातून निसटून डिस्कवर आदळली तर डिस्कला तडा जातो, आणि त्या डिस्कची किंमत टायरच्या अख्ख्या सेटपेक्षा जास्त.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रेक साधे आहेत, सिरॅमिक नाहीत. दोन शंका राहिल्या. एन नसलेला मिशेलिन त्याच मापात लवकर मिळतोय, तो घ्यावा का? आणि मागचे टायर आतल्या कडेला का खाल्ले गेले? अलाइनमेंट इथे होईल का, की मुंबई गाठावी?

सातपूर_टायर

एन चा शिक्का म्हणजे त्या टायरची त्या गाडीसाठी पोर्शेने चाचणी घेतली आहे. मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा, तसंच हे. एकाच नावाच्या टायरचे हे सगळे प्रकार आतून वेगळे असतात. म्हणून दुकानदार म्हणाला "हाही पी झिरोच आहे" आणि शिक्का एमओ चा निघाला, तर तो तुमचा टायर नाही. एन० आणि एन१ हेही एका आक्सलवर मिसळायचे नाहीत. माझा सल्ला एन चाच. थांबावं लागलं तरी थांबा. कंपनीची वाढीव वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटींत टायरबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

इंदिरानगर_७१८

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. वॉरंटी संपलेली असेल, चारही टायर एकदम बदलणार असाल, चारही एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे, माप, लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मूळ तेच असेल, तर एन नसलेला चांगला टायर घ्यायला हरकत नाही. एन च्या टायरची वाट बघत पावसाळाभर २ मिमीच्या, सहा वर्षांवरच्या टायरवर फिरणं हे त्याहून कितीतरी धोक्याचं. इतक्या रुंद टायरची नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की साचलेलं पाणी बाजूला होत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. इगतपुरीचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, पण त्या आकड्यापर्यंत थांबायचं नाही. पुढे एन चे आणि मागे बिनशिक्क्याचे असं मात्र कधीही नको. त्या बाबतीत सातपूरकरांशी पूर्ण सहमत.

सातपूर_टायर

चारही एकदम आणि वॉरंटी नाही, या दोन अटींवर मला मान्य आहे.

थ्रस्टअँगल

अलाइनमेंटबद्दल. मागच्या चाकांना कारखान्यातूनच उणे कॅंबर दिलेला असतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकलेला. त्यामुळे आतली कडा थोडी लवकर झिजणं स्वाभाविक आहे. मधोमध ३ आणि आत २ हा फरक फार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. नुसत्या कॅंबरने टायर इतका खाल्ला जात नाही, जोडीला मागचा टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडलेला असतो. चाक सरळ न चालता थोडं तिरकं घासत जातं, आणि कॅंबरमुळे ती घासणी सगळी आतल्या कडेवर पडते. आतल्या कडेवर बोटं फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागली तर टो नक्की.

आपल्याकडे "अलाइनमेंट केली" म्हणजे बहुतेक वेळा पुढचा टो केला. या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे टो आणि कॅंबर जुळवता येतो. क्रम असा: आधी मागचा कॅंबर, मग मागचा टो, मग पुढचा कॅंबर, सर्वात शेवटी स्टिअरिंग मध्यावर लॉक करून पुढचा टो. मागचं सरळ नसताना पुढचं जुळवलं तर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि गाडी तिरकी चालते. दुकानाला एवढंच विचारा: मशीनच्या यादीत ७१८ (९८२) हा मॉडेल कोड आहे का, आणि मागची चाकं जुळवता का? दोन्ही उत्तरं "हो" आली तर नाशिकमध्ये करा. एकही "नाही" असेल तर टायर इथे बसवा आणि अलाइनमेंटसाठी मुंबईतलं पोर्शे सेंटर किंवा चार चाकं जुळवणारं दुकान गाठा. दीडशे-पावणेदोनशे किमीने नवे टायर खराब होत नाहीत, महिनाभर तसंच चालवलं तर होतात.

टायर बसल्यावर, प्रेशर बरोबर भरून, टाकी भरलेली असतानाच अलाइनमेंट करा. डिकीतलं सामान काढा. काम सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद घ्या. फक्त नंतरचा कागद देत असतील तर काय बदललं ते कळायला मार्ग नाही. आणि आधी विचारा, रॅम्पवर चढताना पुढचा बंपर लागतो का. लागत असेल तर लांब फळ्या लावल्याशिवाय गाडी चढवू देऊ नका.

गोदाकाठ

प्रेशरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवरून घ्यायचा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा वाचून. दुकानदार चारही चाकांत ३५ मारून मोकळे होतात. प्रेशर थंड टायरवर भरायचं. दर १० अंश तापमानाला साधारण ०.१ बार, म्हणजे दीड पीएसआय, फरक पडतो. डिसेंबरात सकाळी १० अंशांवर आणि मे महिन्यात दुपारी ४० अंशांवर मोजलेलं प्रेशर एक नसतं, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा तपासा.

दुसरी गोष्ट मुंबईत टायर बसवणाऱ्यांसाठी. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. इथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून मुंबईत नेमकं भरलेलं प्रेशर घाट चढून आल्यावर तेवढ्याच तापमानाला जवळपास १ पीएसआय जास्त दिसतं. टायरला काही झालेलं नसतं. नाशिकमध्ये, सकाळी, गाडी न चालवता एकदा जुळवून घ्या.

टायर बदलल्यावर इन्स्ट्रुमेंट क्लस्टरमधल्या टायर प्रेशरच्या मेनूत जाऊन टायरचा प्रकार आणि माप पुन्हा निवडायचं. मग गाडी चालवताना यंत्रणा सेन्सर ओळखते. तोवर आकडे दिसत नाहीत, घाबरू नका. बराच वेळ चालवूनही एखाद्या चाकाचा आकडा आला नाही तर तो सेन्सर गेला किंवा बसवताना तुटला. त्याच दिवशी दुकानात परत जा, आठवड्याने गेलात तर कुणी जबाबदारी घेणार नाही.

पहिले १००-२०० किमी सांभाळून चालवा. नव्या टायरवरची पकड सुरुवातीला पूर्ण नसते, आणि ओल्या रस्त्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडी हवा आणि नियमित तपासणी असेल तर वेगळे पैसे देण्याचं कारण नाही.

गंगापूररोडकर

शेवटचा प्रश्न. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात खडी, खिळे, खोदलेले रस्ते. गाडीत स्टेपनी नाही. नवा टायर पंक्चर झाला तर?

बीडब्रेकर

पंक्चर झाल्यावर गाडीबरोबर मिळालेली सीलंटची बाटली हा शेवटचा उपाय समजा. ते द्रव सेन्सरला चिकटतं आणि टायर आतून धुवावा लागतो. हवा हळू जात असेल तर गाडीतल्याच कॉम्प्रेसरने भरून हळूहळू जवळचं दुकान गाठा. खिळा उपटू नका, तोच भोक बुजवून ठेवतो.

रस्त्याकडेला बाहेरून स्ट्रिप खुपसून पंक्चर काढून घेऊ नका. स्ट्रिप घालण्याआधी कानसाने भोक मोठं करतात, त्यात पट्ट्याच्या पोलादी तारा तुटतात आणि ओल पट्ट्यांपर्यंत पोचते. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोक बुजवणाऱ्या देठासकट असलेला पॅच) लावणं एवढीच धड दुरुस्ती, तीही भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिमीच्या आत असेल तरच. खांद्यावर किंवा साइडवॉलवर असेल तर टायर गेला. पोर्शेचं म्हणणं तर असं की अशा टायरची दुरुस्तीच करू नये. पॅच लावलाच तर घाटात आणि समृद्धीवर वेग आवरा. हवा पूर्ण गेलेल्या अवस्थेत टायर थोडासुद्धा चालला असेल तर उतरवून आतली बाजू बघायलाच हवी. रबराचा काळा भुगा दिसला तर साइडवॉल आतून चिरडला गेलाय, पॅच लावू नका.

सातपूर_टायर

आणि एकच टायर बदलायची वेळ आली तर त्याच आक्सलवरच्या दुसऱ्या टायरची नक्षी मोजा. दोघांत ३० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर जोडीने बदलावे लागतात. म्हणून बिल आणि सीरियल नंबर जपून ठेवा, तोच एन चा आकडा शोधायला उपयोगी पडतो.

विमाही बघून ठेवा. साध्या पॉलिसीत नुसत्या टायरच्या नुकसानीला पैसे मिळत नाहीत. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतात. टायरचं वेगळं संरक्षण नूतनीकरणाच्या वेळी जोडता येतं. घेताना त्यात साइडवॉलची चीर आणि फुगा धरलाय का ते वाचा, कारण खड्ड्यात हेच होतं. टोइंग बोलवायची वेळ आली तर फोनवरच सपाट तळाचा ट्रक मागा. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढणारी क्रेन आली तर परत पाठवा. डिकीतला टो हुक आणि चोरीरोधक बोल्टचा सॉकेट हे दोन्ही हाताशी ठेवा.